वाकळ की गोधडी

कडेगावात आमच्या ओट्यावर अम्मी आणि शेजारची काकी दुपारभर वाकळा शिवत बसायच्या. जुन्या साड्यांचे थर टाकून शिवलेल्या पांघरुणाला आमच्याकडं वाकळच म्हणतात. रेडिमेड कपड्यांमुळं अब्बांचं शिलाईचं दुकान थंडावलं, तेव्हा मी वाकळांची वेबसाइट करून घेतली. फोटो सुरेख आले होते. उन्हात पसरलेले डाळिंबी, मोरपंखी, हळदी चौकोन. मी ते रोज उघडून बघे, आणि वाटे, आत्ता कुठंतरी लांबच्या गावात कुणीतरी हेच रंग बघत असेल.

कुणी बघत नव्हतं. कितीतरी महिने एकही फोन आला नाही.

सांगलीतली माझी कॉलेजची मैत्रीण वेबसाइट लोकांना शोधल्यावर सापडावी, याचंच काम करते. तिच्याकडं गेले, तर तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. म्हणाली, "तू कडेगावची नाहीसच, असं समज. लांब शहरात आहेस. काय शोधशील?"

मी 'गोधडी' लिहिलं. पानामागून पानं सरकत गेली. सगळ्या दुसऱ्यांच्या गोधड्या. आमचा पत्ताच नव्हता.

"आडगल्लीतल्या दुकानापर्यंत माणूस विचारत विचारत येतो," ती म्हणाली. "इथं विचारणार कुणाला? त्याच्या तोंडातला शब्द तुझ्या पानावर नसला, तर त्याच्या लेखी तू नाहीसच."

परतताना एसटीच्या खिडकीबाहेर उसाचे तुरे डुलत होते. ओळख ना पाळख, अशी माणसं आपापल्या खोल्यांत बसून एकेक शब्द लिहितायत, असं दिसत राहिलं. डोळा लागला तरी दिसत राहिलं.

अम्मीला मात्र पटेना. "वाकळंला गोधडी कशापायी म्हणायचं?"

काकी दोरा ओवत म्हणाली, "आवं भाभी, ज्याला जी हाक ठावं हाय, तीच मारणार की."

मग मी दोन्ही शब्द घातले. घरच्या साड्यांची वाकळ हवी असेल तर कुठल्या साड्या चालतात, कशा पाठवायच्या, किती दिवस लागतात, लोकांना पडतील ते सगळे प्रश्न आणि त्यांची उत्तरं साध्या मराठीत लिहिली. लगेच काही झालं नाही. हळूहळू आमचं पान वर सरकत गेलं आणि फोन येऊ लागले.

फोन करणाऱ्यांतली एक बाई स्वतःच आली. मूळची वडूजची, आता नागपूरला राहणारी. आई जाऊन वर्ष होत आलेलं. "आईच्या साड्यांची गोधडी, एवढंच लिहिलं मी," ती म्हणाली, "आणि माहेराजवळचं गाव निघालं!" तिनं बोचकं सोडलं. अम्मी एकेक साडी मांडीवर घेऊन हात फिरवत राहिली. ही लग्नातली, ही शेतात नेसायची, असं ती बाई सांगत गेली, आणि काकीनं शिवण बाजूला ठेवली.

वाकळ न्यायलाही तीच आली. ओट्यावर अंथरून बघते म्हणाली, जरा आडवी झाली, आणि तिला गाढ झोप लागली. तिची वडूजची गाडी निघून गेली, तरी अम्मीनं उठवू दिलं नाही.

"झोपू दे तिला," ती हळूच म्हणाली आणि तिच्या पायांवर वाकळंची कड ओढली.

आता कामाला गल्लीतल्या आणखी बायका येतात. ओटा पुरत नाही, म्हणून अब्बांनी दुकानातलं कटिंगचं टेबल हलवून जागा करून दिलीय.