टीव्ही सोडण्याचा ठराव मी मांडला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी नुसती त्याच्या आसपास जाऊन येते. ‘माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर’ असं म्हणते, म्हणजे ते एक वेगळं काढून दाखवावं लागत नाही. आज वेगळं काढते आहे. कसं लिहायचं ते नीट जमत नाही, पण लिहिते.

आमच्या चर्चमध्ये दरवर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या, आधी मला तरुण संघापुढे बोलायला लावतात. विषय ठरलेला — ख्रिस्ती माणसानं टीव्ही बघणं सोडावं का? या विषयावर मीच बोलायचं, असं सगळ्यांनी धरून चाललेलं आहे. कारण टीव्ही सोडण्याचा ठराव आमच्याकडे पहिल्यांदा मी मांडला होता. मुलं ऐकतात, मुली वहीत लिहून घेतात. आणि मी — मी या प्रश्नाचा खरा विचार एकदाही केलेला नाही. त्या दिवशीसुद्धा नाही.

सुवार्ताबद्दल आधी सांगायला हवं.

ती आमच्या शेजारची. चर्चच्या मागे खोल्यांची एक रांग आहे, त्यात आमची शेवटून दुसरी आणि त्यांची शेवटची. मध्ये एकच भिंत, तीही पातळ. माझे पपा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर तोलणार, म्हणजे मालाचं वजन करणारे. तिचे पपा ती लहान असतानाच वारले, आई एका शाळेत आया, मोठा भाऊ विल्यम रिक्षा चालवायचा. आम्ही दोघी एकाच मराठी शाळेत शिकलो आणि मग एकाच कॉलेजात बी.कॉम.ला गेलो. आमच्या दोन्ही घरांत त्याआधी कॉलेजात कुणीच गेलेलं नव्हतं. पण मार्क मला जास्त असायचे. नेहमीच. हे इथे लिहायची काय गरज होती? — पण लिहिलं गेलं. बघा, अजून जात नाही.

विल्यमनं घरात केबल घेतली तेव्हा आम्ही एफ.वाय.ला होतो. आमच्याकडे जुना ब्लॅक अँड व्हाइट होता, त्यात चित्रापेक्षा मुंग्याच जास्त दिसायच्या. सुवार्ता संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता इंग्रजी चॅनेल लावायची. बातम्या, स्वयंपाक, जंगलातले प्राणी, काहीही. आणि टीव्हीतला माणूस बोलला की त्याच्यामागून तसंच बोलायची. लाज नाही, भीती नाही. भिंतीच्या अलीकडे मी व्याकरणाचं पुस्तक घेऊन काळ पाठ करत बसलेली, आणि पलीकडून हिचा आवाज — पाणघोडा दिवसभर पाण्यात का राहतो, हे इंग्रजीतून. मला हसू यायचं आधी. मग हसू यायचं बंद झालं.

एस.वाय.च्या नाताळात चर्चला परदेशी पाहुणे आले, एक म्हातारं जोडपं. उपासना संपल्यावर पाळकसाहेब कौतुकानं म्हणाले, “आमची कॉलेजची मुलगी आपल्या वतीनं दोन शब्द इंग्रजीत बोलेल.” आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. मी उभी राहिले. ‘आदरणीय पाहुणे’ एवढं इंग्रजीत म्हटलं आणि पुढचं सगळं गेलं. डोक्यात क्रियापदाची तिन्ही रूपं उभी, पण त्यातलं एकही तोंडात येईना. मग सतरंजीवरून सुवार्ता उठली. बोलली. त्या बाईंना हसवलं, त्यांच्या नवऱ्याला चहा घेणार का विचारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या प्रत्येक वाक्यात एक तरी चूक होती. माझ्याशिवाय ती कुणालाच ऐकू आली नाही.

घरी येताना पपा म्हणाले, “शेजारची पोरगी लई फाकडू बोलली गं.” एवढंच. मला ते अजून ऐकू येतं.

आता ठरावाकडे येते.

लेंटच्या आधीच्या रविवारी तरुण संघाची सभा असते. त्या चाळीस दिवसांत संघानं मिळून काय सोडायचं ते तिथे ठरतं. आधी कोणी मटण म्हणायचं, कोणी चहा. त्या रविवारी मी उभी राहिले आणि म्हणाले, टीव्ही. बायबलमधली डोळ्यांबद्दलची वचनं मी आधीच शोधून ठेवली होती, खुणेला कागद घातले होते. मी म्हणाले, आपल्या घरांत संध्याकाळची प्रार्थना मागे पडली ती या डब्यामुळे. मी चांगलं बोलले — मराठीत मी चांगलं बोलते.

सगळे काही लगेच तयार झाले नाहीत. याकोबकाका, संघाचे सल्लागार, म्हणाले, “पोरी, आमच्या लहानपणी रेडिओ आला तेव्हाही हेच चाललं होतं. शेवटी पाळकांनीच पहिला घेतला.” सगळे हसले. सुवार्ता म्हणाली, “वाईट काही लागलं तर बंद करायचं बटण आहे की त्याला. चांगलंही असतं त्यात. मी कितीतरी शिकले.” ती खरं बोलत होती. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, “ज्याला सोडायला जड जातं, त्यानंच आधी सोडायला हवं ना?”

पाळकसाहेबांना ठराव फारच आवडला. एकेक हात वर गेले. सुवार्तानं शेवटी वर केला. पण तिनं एकदा हात वर केला की केला. मला ते माहीत होतं. तिच्याबद्दल मला सगळंच माहीत होतं.

घरी पपा चिडले. मालिका चालू होती ना क्रिकेटची. “माझ्या क्रिकेटनं देवाचं काय घोडं मारलंय?” म्हणाले. पण मुलीनं चर्चमध्ये नाव काढलं म्हणून त्यांनीही सोडलं. सुवार्ताकडे विल्यमनं केबलवाल्याला सांगून वायरच काढून घेतली — समोर असली की हात जातो म्हणून. भिंतीपलीकडे शांतता झाली. मी अभ्यासाला बसायचे आणि ती शांतता ऐकायचे. मला बरं वाटायचं. किती बरं वाटायचं ते लिहायला लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात कॉलेजात मॅडमनी वर्गात सांगितलं की परदेशातल्या ग्राहकांचे फोन घेणारी एक कंपनी आपल्याकडे मुलाखती घ्यायला येणार आहे. कॉलेज सांभाळून काम, घरापर्यंत गाडी, आणि पगार आमच्या दोघींच्या घरी कुणी पाहिला नसेल एवढा. मार्कांना फारसं महत्त्व नाही. इंग्रजी बोलता यायला हवं. मुलाखती लेंट संपायच्या आतच होत्या. सुवार्तानं बाकाखालून माझा हात दाबला. “आपण दोघी जाऊ. एकीला मिळालं तरी दोन घरं सुधारली म्हणायची.” ती असं म्हणाली. मी हो म्हणाले.

एकदा नळावर पाणी भरताना ती म्हणाली, “इंग्रजी कानावर नाही पडलं की जीभ जड होते गं माझी. पण आता शब्द दिलाय.” मी तेव्हा म्हणू शकले असते, की पाळकसाहेबांना सांगू, अभ्यासासाठी बघितलं तर चालेल. ठराव माझाच होता, त्यांनी ऐकलं असतं. मी म्हणाले, “प्रभू बघून घेईल.”

आणि मी काय करत होते? मी रोज दुपारी बसनं कोथरूडला जायचे. वर्गातल्या केतकीकडे, नोट्स काढायला असं घरी सांगून. तिच्याकडे मोठा रंगीत टीव्ही. तिथे बसून मी इंग्रजी बातम्या बघायचे आणि केतकी आत गेली की हळू आवाजात त्यांच्यामागून बोलायचे, सुवार्ता बोलायची तशीच. केतकीच्या आईनं चौथ्या-पाचव्या दिवशी दार उघडून म्हटलं, “या. सोफा वाटच बघतोय. नोट्स टीव्हीत असतात हे आमच्या वेळी नव्हतं हो.” मी हसले आणि आत गेले. अपमान वाटायला हवा होता, पण बातम्या सुरू व्हायची वेळ झाली होती.

मुलाखत एकेकीची नव्हती. सात-आठ मुलींना गोल बसवलं होतं. सूट घातलेल्या एक बाई विचारत होत्या, शेजारी एक तरुण लिहून घेत होता. त्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं — गेल्या आठवड्यात टीव्हीवर जे काही पाहिलं असेल, त्यातल्या एखाद्या गोष्टीबद्दल बोला.

सुवार्ताची पाळी माझ्या आधी आली. ती म्हणाली, मी सध्या टीव्ही बघत नाही. का, असं त्या बाईंनी विचारलं. ती म्हणाली, आमच्या चर्चमध्ये आम्ही शब्द दिला आहे. जुनं पाहिलेलं काही सांगू का, असं तिनं विचारलंही, पण बाईंना आता दुसरंच सुचलं होतं. इथे रात्रीचं काम असतं, रविवारीही असतं, चर्चचं काय करणार? सुवार्ता गडबडली. रविवारची सकाळ सोडून काहीही चालेल, हे तिला सांगायचं होतं, पण वाक्य अर्ध्यात तुटलं, मग मराठीत गेलं. तरुणानं काहीतरी लिहिलं.

मग मी.

मी काहीही सांगू शकले असते. लहानपणी पाहिलेलं काही. पण माझी तयारी झाली होती ना! दोनच दिवसांपूर्वी पाहिलेली एका परदेशी शहरातल्या पुराची बातमी मी सांगितली — बोटीतून कुत्र्याला कसं वाचवलं, ती म्हातारी काय म्हणाली, सगळं. एकदाही अडखळले नाही. बाई मान डोलवत होत्या. आणि बोलता बोलता मी सुवार्ताकडे बघितलं. आमच्या घरच्या टीव्हीवर हे दिसत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिला सगळं कळलं होतं. तिनं मान खाली घातली — लाज मला वाटायला हवी होती, तर तिनं.

मला घेतलं. तिला नाही.

ईस्टरनंतर पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. टीव्ही सोडला म्हणून प्रभूनं मला कसं काम दिलं, हे मी साऱ्या मंडळीला सांगितलं. सुवार्ता पुढे गाणाऱ्या मुलींत बसली होती. माझं खोटं तिनं तेव्हा उघड केलं नाही, नंतरही नाही. त्यांची केबल परत आली नाही. विल्यमची रिक्षा मध्ये बंद होती, पैसे नव्हते, मग सवय गेली. टी.वाय. अर्धवट सोडून ती एका दवाखान्यात नंबर लावायला बसली. अजून तिथेच आहे. मी कॉल सेंटरात टीम सांभाळते आणि बाहेरून एम.ए. करते. कामाला लागल्यावर माझ्या तिथल्या मॅडम सहज म्हणाल्या होत्या की त्या वर्षी पुण्यात त्यांना मुलीच पुऱ्या मिळाल्या नाहीत, जागा तशाच राहिल्या. म्हणजे दोघी मावलो असतो. मला तिला मागे टाकायची गरजच नव्हती.

पण हे सगळं सुवार्ताला माहीत आहे — निदान टीव्हीचं. तिला जे माहीत नाही, ते आता लिहिते. त्यासाठीच हा कागद घेतला होता, आणि किती लांबून फिरून आले.

मुलाखतींची सूचना मॅडमनी वर्गात सांगायच्या आधीच कॉलेजच्या फळ्यावर लागली होती. मी ती वाचली होती. तारीखही वाचली होती. तो गुरुवार होता, आणि ठराव मी त्यानंतरच्या रविवारी मांडला. टीव्ही चांगला की वाईट, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. तिचं तोंड बंद व्हावं, एवढंच आलं होतं.

मुलाखतीचा निकाल लागला त्या संध्याकाळी ती आमच्या दारात आली. आई आत होती म्हणून हळूच म्हणाली, “उपास मोडतो गं एखाद्याकडून. मी कुणाला सांगणार नाही. तूही मनाला लावून घेऊ नकोस.” मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं. तिला वाटलं, मला पश्चात्ताप झालाय. मी रडत होते ते सुटल्यासारखं वाटलं म्हणून — तिला फक्त एवढंच कळलंय, म्हणून. तिनं माझी लहान चूक माफ केली आणि मी मोठीसकट ती माफी घेऊन टाकली.

आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून असतानाही मला तिचा हेवाच वाटत होता, की हिला हे इतकं सहज कसं जमतं. अजून वाटतो.