कोपरा राहिलाय

सीटवाली एकदा नाही म्हणाली की नाही. डेपोतला मुकादम शपथेवर सांगेल. बसच्या फाटक्या सीटा शिवण्यात तिची हयात गेली. जाड रेक्झिनमधून सुई ओढून ओढून बोटं इतकी निबर झालीत की गरम कप धरला तरी कळत नाही. मुकादम एकदा म्हणाला, "वरवर टाके घाल की, कोण बघतंय?" ही म्हणाली, "बसणारा बघतो." पुन्हा काही त्याची विचारायची छाती झाली नाही.

तर अशा बाईची लेक कॉम्प्युटरवर खेळ बनवते. यात पोट भरतं का, ते विचारू नका. पण या वेळचा खेळ घरचाच होता. आजीचं घर, ज्याच्यावर बुलडोझर फिरला ते. वस्ती उठवली तेव्हा सीटवाली दुसरीत होती, तिचा दादा थोडा मोठा. लेकीनं ती एकच खोली पडद्यावर हुबेहूब उभी केली होती: नळाखालची चेपलेली बादली, फळीवरचे डबे, खिडकीला पडदा म्हणून टांगलेला जुना टॉवेल. खेळणाऱ्यानं आजी व्हायचं, आणि शेवटी वस्ती पाडायला आलेला साहेब दारात उभा राहिला की झाडू उचलून त्याला बदडून काढायचं. लेकीच्या मित्रमैत्रिणींना तर जाम आवडलं.

सीटवालीनं पाहिलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"मामानं."

"तुझा मामा थापा मारतो. आईनं कोणाला बोटसुद्धा लावलं नाही. तिनं घर झाडलं."

खरं तेच होतं. बाहेर बुलडोझर घरघरतोय, साहेब घसा फोडून ओरडतोय, आणि आजी आत वाकून केर काढतेय. "बाई, निघा!" म्हटलं की म्हणायची, "थांबा, कोपरा राहिलाय." शेवटी घर पडलंच. नशीब एवढंच की त्यांच्या ओळीतल्या सगळ्यांचं सामान तेवढ्यात बाहेर निघालं. आधीच्या ओळींतली भांडीकुंडी तर भिंतींखालीच गेली.

पुढे साहेबलोकांनी नेमकं तेच धरून ठेवलं. "जबरदस्ती कसली? एक बाई तर घर झाडून देऊन गेली. लोक राजीखुशीनं निघाले." कबूल केलेली नवी घरं कोणाला मिळालीच नाहीत. राजीखुशीनं गेलेल्याला कसलं घर द्यायचं, नाही का! मग वस्तीतल्यांनी भित्री म्हणून आजीवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. शाळेत दादाचं नावच 'कोपरा' पडलं. त्या पोरानं बिचाऱ्यानं झाडूच्या माराची गोष्ट रचली, आणि सांगून सांगून शेवटी त्यालाच ती खरी वाटायला लागली. आजीनं कधी काही खुलासा केला नाही. विचारलं कोणी म्हणा!

"आई, केर काढायचा खेळ कोण खेळेल?" लेक म्हणाली. "वर साहेबांचंच खरं केल्यासारखं होईल."

"होऊ दे. भित्री होती तर भित्री दाखव. पण माझी आई दाखव, दुसऱ्याची नको."

दादाला कळलं तसा तो तणतणतच आला. "आपल्याच आईची शोभा करतेस चारचौघांत?"

"तुझी आई तिखटमीठ लावलेली आहे, दादा. मला होती तशी हवी."

तो चप्पल पायात न घालताच निघाला, जिन्यातून परत आला, चप्पल घातली आणि गेला. बोलणं बंद झालं. सीटवालीला फार लागलं ते, एकच तर भाऊ. पण मागे हटली नाही. कामावरून आली की लेकीच्या मागे स्टूल टाकून बसायची. झाडू असा उंच धरत नव्हती ती, वाकव अजून. आधी फळीखाली, मग दाराकडे. लेकीनं नियम साधा ठेवला: सगळी जमीन झाडून झाली की आजी बाहेर येते, आणि ती बाहेर आली की बुलडोझर सुरू.

लोकांना दाखवायच्या आदल्या दिवशी दादा परत आला. "बघू तरी, काय दिवे लावलेत ते."

सुरुवातीला बटणांवर त्याचा अंगठा वळेना, भाची गालात हसली. मग मात्र त्यानं भराभरा झाडलं, लवकर संपवून नाक मुरडायची घाई. जमीन लख्ख झाली. आजी बाहेर आली. बुलडोझर हलला, भिंत गेली, शेजारचीही गेली. तिथली बाई गादी ओढत होती, ती गादी आतच राहिली.

दादा खुर्ची पुढे ओढून बसला. मग म्हणाला, "पुन्हा लाव."

या खेपेला तो सावकाश झाडू लागला. झाडलेलंच परत झाडू लागला. खिडकीबाहेर माणसं पेट्या काढत होती, पाळणा काढत होती. साहेब ओरडत होता आणि बुलडोझर जागच्या जागी उभा होता.

"मामा, झालं की सगळं. या बाहेर."

"थांब गं," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "कोपरा राहिलाय."

सीटवालीनं पडद्यावरची जमीन नजरेनं मोजली. हातभर खोली ती! झाडायला असा कितीसा वेळ लागतो? आणि आई सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत झाडत होती. अख्खी ओळ रिकामी होईपर्यंत. आणि आपण तिला भित्री म्हणालो, परवापरवापर्यंत म्हणालो. ती तिथेच स्टुलावर बसली आणि हुंदके देऊन रडली.

मग पदरानं तोंड पुसून लेकीला म्हणाली, "खेळाच्या सुरुवातीला साहेबांचं ते वाक्य टाकलंयस ना, राजीखुशीनं निघाले म्हणून?"

"ते काढून टाकते, आई."

"काढायचं नाही. मोठ्या अक्षरांत टाक. पण सगळी खोली झाडून झाल्याशिवाय कोणाला दिसता कामा नये."

लेकीनं मान हलवली आणि कामाला लागायला म्हणून खुर्ची मागितली. दादा उठेचना. तो अजून झाडतच होता.