पहिली आखाजी आणि परदेशातला साहेब

माझ्या लेकीचं लग्न खरं की खोटं, हे म्हणे तिकडचा साहेब ठरवणार! अर्धं सावदा मांडवात जेवून गेलं, त्यांना कोणी विचारलं नाही.

जावई सावद्याचे, पण नोकरी परदेशात. लग्नाला महिनाभराची रजा काढून आले आणि परत गेले. लेकीनं मागून जायचं ठरलं होतं, म्हणून व्हिसाचा अर्ज केला. फोनवर मुलाखत झाली. साहेबानं विचारलं, नवरा भारतात असताना तुम्ही एकत्रच राहत होतात ना? आमची पोर सरळ. म्हणाली, मधे आठवडाभर आईकडे धरणगावला होते, आखाजीला. झालं! नवी नवरी, नवरा परत जायला निघालेला, आणि ही माहेरी? लग्न दिखाव्याचं आहे असं लिहून त्यानं अर्ज फेटाळला.

अहो, लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया! खानदेशात त्या सणाला लेक माहेरी आली नाही, तर लोक विचारतात, काही बिनसलं का? माझा भाऊ मुराळी म्हणून तिला आणायला गेला, विहीणबाईंनी स्वतः तिची पिशवी भरून दिली. इथे एवढं रीतसर, आणि तिकडे तोच पुरावा आमच्या विरोधात. डोकंच फिरलं माझं.

मग तिकडच्या कोर्टात गेलो. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "कोर्ट व्हिसा देत नाही. साहेबानं निर्णय नीट घेतला का, एवढंच बघतं."

"आणि लग्न खरं की खोटं ते?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"ते कोर्ट सांगणार नाही."

"मंग कोर्टात काहून गेलो आपण?" हे माझ्याकडे बघून ओरडले. जसं काही कोर्ट मीच काढलंय!

वाट बघण्यात वर्ष गेलं, आणि आम्ही जिंकलो. न्यायाधीशांनी लिहिलं, मुलीनं सणाचं कारण सांगितलं होतं, साहेबानं ते विचारातच घेतलं नाही, सबब निर्णय रद्द. मी गल्लीभर पेढे वाटले. संध्याकाळी वकीलबाई म्हणाल्या, आता फाईल दुसऱ्या साहेबाकडे जाईल, तो सगळं पहिल्यापासून बघेल, तोही नाही म्हणू शकतो. पेढे काय परत मागू का लोकांकडून?

दुसऱ्या साहेबाची मुलाखत आमच्याच घरी झाली, फोन स्पीकरवर, मध्ये मराठी बोलणारी दुभाषी बाई.

"नवऱ्याशी शेवटचं भांडण कशावरून झालं?"

"भांडण नाही झालं."

"कधीच नाही?"

मी दारातून हातवारे करत होते, सांग काहीतरी, भाजीतल्या मिठावरून झालं म्हण! तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"साहेब, भांडायला नवरा समोर लागतो. फोन आला की जेवलीस का, झोपलास का, यातच वेळ संपतो. मला जाऊ द्या तिकडे. पोटभर भांडते आणि मग सांगते तुम्हाला."

एवढं बोलली आणि हुंदके देऊन रडायला लागली. दुभाषी बाईनं तिचं बोलणं सांगितलं. पलीकडे साहेब हसला, आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

"कळवतो," म्हणाला मेला. अजून कळवतोच आहे.