शमीमचा अर्धा राब

फोन आला तेव्हा मी दहिवलीत एका लग्नाच्या मांडवात शिडीवर उभा होतो, तोंडात दोरी आणि हातात झालर. माझा धंदाच मांडवांचा, आणि हौस नाटकांची. तोंडात दोरी असल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच मी फोनवर मध्ये न बोलता ऐकून घेतलं. पलीकडे इम्तियाज होता, शमीमचा धाकटा भाऊ. "प्रकाशभाऊ, आपा गेली," म्हणाला. सकाळी तिने वखार उघडली, गादीवर बसली, चहा मागवला आणि चहा यायच्या आत... मी खाली उतरलो. झालर अर्धी लागलेली, अर्धी लोंबती. मांडवाचे यजमान म्हणाले, तेवढी पुरी करून जा. मी म्हटलं, शमीम म्हणाली असती, अर्धी पुरते का ते आधी बघा. त्यांना काही कळलं नाही. तुम्हांला कळावं म्हणून तर लिहायला बसलोय.

शमीम आणि मी कर्जतच्या शाळेत एका वर्गात. गॅदरिंगच्या नाटकात मी राजा. शमीमने राणी व्हावं असा बाईंचा हट्ट, कारण तिचा आवाज खणखणीत. ती म्हणाली, "बाई, राणीला काम काय आहे? मी दिवे बघते." तिने दिव्यांची अशी काही जोडणी केली की नेमकी माझ्या मरणाच्या प्रसंगाला सगळ्या शाळेतली वीज गेली. मी काळोखात मेलो. मोठ्या मेहनतीने मेलो, पण कोणी पाहिलंच नाही. नंतर ती मेणबत्ती घेऊन आली आणि म्हणाली, "छान मेलास रं, नाटक्या. आवाजावरून कळलं." तेव्हापासून शेवटपर्यंत मी तिचा नाटक्याच राहिलो.

पुढे ती यंत्र अभियांत्रिकी शिकली. पदवी हातात आली आणि त्याच सुमाराला तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. दहिवलीच्या रस्त्यावरची त्यांची जळाऊ लाकडाची वखार तिच्या गळ्यात पडली, असं लोक हळहळून म्हणायचे. तिला ती हळहळ मुळीच मान्य नव्हती. ती गादीवर अशी बसायची की समोरचा ट्रकवाला आपोआप विडी विझवायचा. लग्नाची स्थळं वखारीतच यायची. त्यांना ती आधी ओंडके काट्यावर चढवायला लावायची. बरेच जण चहा न घेता गेले.

आणि चाळिशी उलटल्यावर एक दिवस ती माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "शिकायला चाललेय." शाश्वत ऊर्जा अभियांत्रिकी, एम.टेक. मुलाखतीला एका सरांनी विचारलं होतं, आता या वयात कशाला? ती म्हणाली, "सर, मी लाकूड विकते. झाडं संपवण्यात माझा हात आहे. ती न संपवता चूल कशी पेटवायची, ते मला नाही तर कोणाला शिकवणार?" प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली, तर सगळी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, नव्या मॅडम आल्या. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिने त्यांना "बसा" म्हटलं, फळा पुसून घेतला आणि मगच शेवटच्या बाकावर जाऊन बसली. फळ्याचा भाग तिने नंतर वाढवला असावा. मी असतो तर हजेरीसुद्धा घेतली असती.

इम्तियाजला मात्र ही सगळी थेरं वाटायची. त्याचा स्वतःचा टेंपो होता आणि मनात एकच होतं, वखारीची जागा फार्महाऊसवाल्यांना विकावी. "आपा पालापाचोळ्याची डिग्री घेतेय," तो ज्याला त्याला सांगायचा. एका अर्थी खरंच होतं ते. तिचा विषयच होता जंगलातला पाला आणि गिरणीतलं भाताचं तूस दाबून त्याच्या कांड्या करायच्या, ज्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. त्या लाकडाच्या जागी विकता आल्या, तर वखार राहील आणि झाडंही राहतील. वखार बंद करायची की विकायची, या दोन्हींतलं काहीच न करण्याचा हा तिचा मार्ग होता.

दिवाळीपासून तिने पाला जमवला. सागाचा, ऐनाचा, आंब्याचा. वाळवायला मोकळी, उन्हाची जागा हवी होती. खालापूरच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथे शेती माझा मोठा भाऊ बाळूदादा बघतो. त्याच्या शेताच्या वरच्या अंगाला एक साफ केलेला तुकडा होता. तिथे शमीमने खाली शेण पसरलं, कारण कांड्यांना ते चिकटवायला लागतं, त्यावर पाला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर गवत.

आता आमच्याकडची माणसं इथेच हसायला लागतील. इतरांसाठी सांगतो. भाताचं रोप ज्या जागी टाकायचं, तिथे उन्हाळ्यात आम्ही शेण, त्यावर पाला, त्यावर गवत असे थर रचतो, वरून बारीक माती पसरतो आणि सगळं सावकाश जाळतो. त्याला राब भाजणं म्हणतात. तण मरतं, राखेचं खत होतं आणि रोप उपटायला हलकं जातं. म्हणजे शमीमच्या अभ्यासाला राब व्हायला फक्त माती आणि काडी कमी होती. दादाने दोन्ही पुरवल्या.

त्या दिवशी मी गावीच होतो. शमीम स्कूटरवरून आली तेव्हा अर्धा तुकडा धुमसत होता. दादा कौतुकाने म्हणाला, "बघ शमे, तुजा राब कसा झकास धरलाय. माती तेवडी ऱ्हायली हुती, ती मी टाकली. म्हटलं, शिकलेली पोर, पण हात बाकी शेतकऱ्याचा हाय."

तिने हेल्मेट काढलं, बांधावर ठेवलं आणि त्याच्याशेजारी बसली. मग म्हणाली, "दादा, तो राब नव्हता रं... ती माझी परीक्षा होती."

दादा बादलीकडे धावला. तिने त्याला थांबवलं. "राहू दे. भाजलाच आहेस तर नीट भाज."

तिच्या सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं की वखारीपायी ती आधीच मागे पडलीय, प्रबंध भाद्रपदात आला नाही तर नोंदणी संपली. पाला तर पुन्हा गळायला पुढची थंडी यावी लागणार होती. आमच्या आईने तिला ओढून जेवायला बसवलं. राग आला की शमीम दुप्पट जेवायची. तिसऱ्यांदा भात घेताना तिचा हात थांबला. "काकी, राब एवढा जाडच का रचतात?"

"रचतात म्हणून," आई म्हणाली.

"अर्धा रचला तर?"

कोणी रचून बघितला नव्हता. तिथून पुढे ती जेवली नाही, नुसती बोलत सुटली. गावातले अजून पुष्कळ राब भाजायचे होते. अर्ध्यात भागत असेल, तर उरलेला अर्धा पाला जळत नाही, तो कांड्यांना मिळतो. नवा प्रबंध तिथेच पानात वाढला गेला. फक्त कोणीतरी आपली रोपाची जागा द्यायला हवी होती, आणि रोप बिघडलं तर त्या घराची लावणी बुडणार होती. दादाचे दोन तुकडे अजून शिल्लक होते. तो म्हणाला, "वर्साचा भात हाय शमे. रोप पिवळं पडलं तर?"

"तर वर्षभर मी तुमच्याकडे जेवायला येणार नाही."

"म्हंजे रोप बिगडलं तरी आपला तांदूळ वाचतोय," आई म्हणाली. दादा हसला, आणि आमच्याकडे दादा हसला की ठरलं.

एका तुकड्यावर पुरा राब, दुसऱ्यावर अर्धा. तिसरा भाजलेला होताच. गावाने दादाला वेड्यात काढलं. मीही चावडीवर उभं राहून एक सुंदर भाषण केलं, त्यानंतर जागा द्यायला तयार झालेले दोघेसुद्धा माघारी फिरले. शमीमने मला पुन्हा बोलू दिलं नाही. आषाढात दादा रोप उपटायला वाकला आणि ती छत्री घेऊन त्याच्या डोक्यावर उभी. इकडची मूठ उपटली, तिकडची उपटली, मुळं झटकली, दोन्ही शेजारी धरल्या. "बोल की रं दादा." दादा म्हणाला, "मला फरक नाय कळत. एवडंच लिव." तिने प्रबंधात तेच लिहिलं, त्याच शब्दांत, आणि पुढे सगळी मोजमापं.

तोंडी परीक्षेला दादा स्वच्छ टोपी घालून कॉलेजात आला. मीही होतो, अर्थात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आत तिला विचारलं, वर्षाच्या मध्येच विषय का बदलला? "आधीचा जळला, सर," ती म्हणाली. पाणी प्यायला ते बाहेर आले, तर बाकावर दादा, मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं. त्यांनी सहज विचारलं, "आपण कोण?" दादा उठून उभा राहिला आणि छाती काढून म्हणाला, "आग मी लावली." मी इतकी वर्षं रंगमंचावर काढली, इतका टाळीचा प्रवेश मला एकदाही मिळाला नाही.

पदवी मिळाली. वखारीत ओंडक्यांच्या जागी हळूहळू कांड्यांची पोती चढली. माथेरानच्या एका हॉटेलवाल्याने बंबासाठी ती घ्यायला सुरुवात केली. गाडी वर जात नाही, म्हणून पोती घोड्यांवर चढायची. "बघ, माझी शाश्वत ऊर्जा लीद टाकत चाललीय," ती म्हणायची. गावातही एकेक जण अर्ध्या राबावर आला आणि उरलेला पाला शमीमचा वाटा म्हणून बाजूला पडू लागला. दादाला मात्र एक खोड कायमची लागली. दरवर्षी राब लावायच्या आधी तो वारा बघायचा, काडीपेटी काढायचा आणि तिला फोन करायचा. "शमे, तुजं काय नाय ना यात? लावू?" ती वखारीतून ओरडायची, "लाव दादा, या खेपेला नापास व्हायला काही उरलं नाही."

दफनाला आम्ही दोघे गेलो. सगळ्यांबरोबर माती द्यायला दादा पुढे झाला. हातात ढेकूळ आलं. त्याने ते तसंच टाकलं नाही. बोटांनी चुरून चुरून, राबावर घालतात तशी बारीक माती करून मग सोडली...

परवा गावी गेलो. राब रचून तयार होता, अर्धाच. तिचा वाटा पलीकडे, वर ताडपत्री. दादाने वारा पाहिला, काडीपेटी काढली आणि सवयीने फोनही. मी बघतच राहिलो. रिंग वाजली. तिचा फोन आता वखारीच्या गादीवर असतो, तो इम्तियाजने उचलला. दादा गोंधळला. त्याला दुसरं वाक्य येतच नव्हतं. "तुमचं काय नाय ना यात?" त्याने विचारलं. "लावू?"

पाचोळ्याची डिग्री म्हणणारा, कधी शेतात पाऊल न टाकलेला इम्तियाज. मग त्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"आपाचा वाटा काढलाय ना, दादा? मग थांबा. टेंपो घेऊन येतो. राबाच्या जवळ नका ठेवू, ठिणगी जाते."

वारा अगदी हवा तसा होता. दादाने काडीपेटी खिशात घातली आणि रस्त्याकडे तोंड करून बांधावर बसला.