शिकाऱ्यांना कुठलं फाटक उघडायचं?

"लाल दिसतंय ते सगळं अस्वलांचं काम आहे. वर्षभर फाटकं बंद ठेवली, त्याची फळं ही. आता सगळी उघडा, शिकारी आत सोडा," ब्रायन म्हणाला.

स्क्रीनवर मी केलेला नकाशा होता. हिरव्या डोंगरउतारांवर गोवर उठावा तसे वाळलेल्या झाडांचे लाल ठिपके. ब्रायन हा अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या एका लाकूड कंपनीचा नवा रीजनल मॅनेजर. मी नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नमध्ये, आमच्या डायनिंग टेबलाशी. कोविडचं दुसरं वर्ष चालू होतं. हूफडॉर्पचं आमचं ऑफिस अजून उघडलं नव्हतं. त्यांची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी मुलगी वरणभात खात होती.

"आई, आर दीज रिअल बेअर्स?" तिने विचारलं. मी माइक म्यूट करून होकाराची मान हलवली. नेदरलँड्समध्ये रानटी अस्वल औषधालाही नाही.

माझं काम म्हणजे सॅटेलाइट इमेजवरून जंगलांचे नकाशे बनवणं. कुठे झाडं वाळली, कुठे तोड झाली, कुठे नवी लागवड उभी राहिली, हे आम्ही लांबून सांगतो. या कंपनीची जंगलं म्हणजे एक प्रकारची शेतीच. डग्लस फर नावाचं सूचिपर्णी झाड लावायचं, काही दशकं वाढवायचं, तोडायचं, पुन्हा लावायचं.

मी मूळची चंद्रपूरची. बाबा वनखात्यात रेंजर होते. अस्वल म्हटलं की मला मोहाच्या फुलांचा सडा आठवतो. अमेरिकेतलं काळं अस्वलही गोडावरच जातं, फक्त त्याला मोह मिळत नाही. वसंतात गुहेतून उपाशी बाहेर येतं, तेव्हा रानातली फळं पिकायची असतात. मग ते तरण्या झाडाची साल बुंध्यापासून ओढून काढतं आणि तिच्याखालचा गोडसर ओला थर दातांनी खरवडून खातं. साल चहूबाजूंनी गेली की झाड मरतं. एक अस्वल एका वसंतात मोठा तुकडा साफ करू शकतं.

त्यावर कंपन्यांचा जुना उपाय शिकारी. शिकारीचं लायसन्स सरकार देतं, पण जंगल खासगी असतं. रस्त्यांवर लोखंडी फाटकं असतात. आत कुणाला, कधी आणि कुठल्या फाटकातून जाऊ द्यायचं, ते कंपनी ठरवते. कोविड आल्यावर कंपनीने ती सगळी फाटकं बंद केली होती. आता कुठली उघडायची, याचा नकाशा आणि शिकाऱ्यांच्या फोनवरचं परमिटचं अ‍ॅप, दोन्ही आम्हाला करायचं होतं. वसंत तोंडावर आला होता.

मीटिंगमध्ये लॉराही होती. ती तिथली फॉरेस्टर, म्हणजे रोज जंगलात फिरणारी अधिकारी. ब्रायन गेल्यावर ती म्हणाली, "वृंदा, सगळी फाटकं उघडली तर मी लागवडीची माणसं कुठे ठेवू? रोपं लावायला टोळ्या वर आहेत. उतारावर वाकलेला माणूस आणि पहाटेचा धुकट उजेड. मला झोप लागणार नाही."

मला दुसरीच गोष्ट खटकत होती. मी मागच्या काही वर्षांच्या इमेज एकावर एक लावून पाहिल्या. काही लाल डाग दरवर्षी थोडे थोडे पसरत गेले होते. मध्ये राखाडी, कडेला लाल, पाण्यावर तेल पसरावं तसे गोल. अस्वल असं गोलात खात नाही. काही डाग मात्र एकदम उगवले होते, तेही विरळणी झालेल्या भागात. विरळणी म्हणजे दाटीतली काही झाडं काढून उरलेल्यांना जागा देणं. अशी झाडं जोमाने वाढतात, त्यांच्या सालीखाली साखर जास्त असते. अस्वलाला ते बरोबर कळतं.

आणखी एक. साल सोलल्यावर झाड लगेच लाल होत नाही. बहुधा पुढच्या वर्षी होतं. मागच्या उन्हाळ्यात लाल दिसलेली झाडं त्याच्या आदल्या वर्षीच्या वसंतात सोललेली असणार. तेव्हा फाटकं उघडी होती. म्हणजे ब्रायनचं गणितच उलटं पडत होतं.

दुसऱ्या दिवशी मी आमचा बॉस योस्ट याला फोन केला. डच माणूस, आडवळण माहीत नाही.

"आपला नकाशा चुकला का?" त्याने विचारलं.

"नाही. झाडं मेलीत हे खरं आहे. कशाने आणि कधी, हे सॅटेलाइटने सांगितलेलं नाही. ते ब्रायन सांगतोय."

"मग जमिनीवर जाऊन बघा म्हणावं. तू सांग. मी बाजूला बसतो."

लॉरा फोनचा कॅमेरा चालू करून पाहणीला निघाली. सिग्नल मिळेल तिथून व्हिडिओ पाठवायची. पहिल्या गोल डागात दाताची एकही खूण नव्हती. झाडं मुळांसकट उलथून पडली होती आणि मुळं भुसभुशीत झाली होती. ही मूळकूज, बुरशीचा रोग. हजार शिकारी आणले तरी तिथलं एक झाड वाचलं नसतं. दुसऱ्या ठिकाणी अस्वल होतं, यात शंका नव्हती. खोडावर दातांचे उभे ओरखडे, खाली सालीच्या पट्ट्या. पण पट्ट्या सुकून करड्या झाल्या होत्या.

"इथला पाहुणा केव्हाच जेवून गेलाय," लॉरा म्हणाली.

मग मी दुसरा नकाशा केला. मागचं नुकसान दाखवणारा नाही, येणारं दाखवणारा. नुकतीच विरळणी झालेले, योग्य वयाचे, अस्वलांनी केलेल्या जुन्या नुकसानीला लागून असलेले, ऊन लवकर पोचणारे उतार. उरले ते मोजके ब्लॉक.

ब्रायन भडकला. "आधी म्हणालात इथे नुकसान आहे. आता म्हणता तिकडे जा, जिथे एकही लाल झाड नाही!"

"तिकडची झाडं अजून जिवंत आहेत," मी म्हटलं. "म्हणूनच तिकडे जायचं."

योस्ट शांतपणे म्हणाला, "या ब्लॉकमध्ये ताज्या खुणा शोधायला लॉराला दोन आठवडे द्या. खोटं ठरलं तर तुमची सगळी फाटकं उघडू."

ते दिवस वाईट गेले. रात्री चंद्रपूरला बाबांशी बोलताना मी सगळं सांगितलं. तिकडेही कोविडची लाट होती, ते घरात अडकले होते. हा विषय मिळाला आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा खुलला. "अस्वल मूर्ख नसतं गं," ते म्हणाले. "जिथे कमी कष्टात गोड मिळेल तिथे येणारच. तू बरोबर आहेस. धीर धर."

दोन आठवडे व्हायच्या आतच लॉराचा फोटो आला. माझ्या नकाशातला ब्लॉक. झाड हिरवंगार, बुंधा मात्र सोललेला, ओला, चकाकणारा. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. झाडाचं नुकसान झाल्यावर असं आनंदाने नाचणारी मीच असेन.

ब्रायन पटकन वळला, हे त्याचं मोठेपण. लॉराने योजना मांडली. लागवडीच्या टोळ्यांजवळच्या ब्लॉकमध्ये शिकारी नाहीत. तिथे डब्यांतून पेंडीसारख्या गोड गोळ्या ठेवायच्या, म्हणजे अस्वल सालीकडे वळणार नाही. खाणं ठेवलेल्या जागी अस्वलाची शिकार करायला तिथे कायद्याने बंदी आहे, त्यामुळे दोन्ही भाग एकमेकांपासून लांब हवेत. बाकी ब्लॉकसाठी तीनच फाटकं उघडायची.

हे स्थानिक शिकाऱ्यांना सांगायचं काम उरलं. त्यांचे म्होरके अर्ल, सत्तरी ओलांडलेले. व्हिडिओ कॉलवर अर्धं कपाळच दिसायचं.

"वर्षभर आम्हाला बाहेर ठेवलं. माझा बाप या रानात फिरायचा. आता तीन फाटकं देऊन उपकार करताय?"

"अर्ल, आत माझी माणसं आहेत," लॉरा म्हणाली.

"हॉलंडमधून नकाशा बनवून आमचं जंगल आम्हाला दाखवणार?"

मी सरळ विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

ते म्हणाले, "अस्वलाचं कुणाला पडलंय? आमच्या लोकांना शरद ऋतूत हरणासाठी आत यायचंय. नातवंडांना घेऊन."

लॉराने शेजारी बसलेल्या ब्रायनकडे पाहिलं. ब्रायन म्हणाला, "वसंतात नियम पाळून मदत करणाऱ्यांना शरदात परमिट. कबूल." अर्लचं पूर्ण तोंड, पांढऱ्या दाढीसकट, पहिल्यांदा स्क्रीनवर आलं.

शिकारीचा पहिला शनिवार उजाडला. तिकडे पहाट, माझी दुपार होती. सुपरमार्केटमधून पिशव्या सायकलला अडकवून येत होते, तेवढ्यात लॉराचा फोन. वर बर्फ पडल्यामुळे लागवडीची टोळी आयत्या वेळी खालच्या ब्लॉकमध्ये हलवली होती. तो ब्लॉक शिकाऱ्यांसाठी उघडा होता. "लगेच बंद कर!"

मी कालव्याच्या कडेला सायकल उभी केली, पाठीवरच्या बॅगेतला लॅपटॉप काढला आणि फोनच्या इंटरनेटवरून सिस्टीममध्ये ते फाटक बंद केलं. अ‍ॅपमध्ये ते लाल झालं. आणि मग लक्षात आलं. तिथे डोंगरात सिग्नल नाही. शिकाऱ्यांच्या फोनवर कालचंच परमिट हिरवं दिसत असणार.

"अर्ल!" मी म्हटलं. "त्यांच्या गाडीत रेडिओ आहे ना?"

लॉराने अर्लना गाठलं. त्यांनी रेडिओवरून आपल्या सगळ्या लोकांना थांबवलं आणि स्वतःचा ट्रक नेऊन त्या फाटकात आडवा लावला. दोन गाड्या पोचल्याच होत्या, त्या माघारी वळवल्या. थोड्या वेळाने लॉराचा मेसेज आला, टोळीतले सगळे ठीक आहेत. मी तशीच गवतावर बसून राहिले. एक आजोबा कुत्र्याला घेऊन चालले होते, त्यांनी लांबूनच विचारलं, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "हो, आता ठीक."

सोमवारी आम्ही अ‍ॅप बदललं. परमिट फक्त त्या दिवसापुरतं. सकाळी घरून निघण्याआधी ताजं घेतलं नाही तर फाटक बंद समजायचं. शिवाय प्रत्येक उघड्या फाटकावर अर्लचा एक माणूस रेडिओ घेऊन. अर्लना हे इतकं आवडलं, की पुढे तेच नियम मोडणाऱ्याला दम भरायला लागले.

त्या उन्हाळ्यात ठरलेल्या ब्लॉकमध्ये नवी सोललेली झाडं फारच कमी सापडली. मारलेली अस्वलंही थोडीच होती. गोळ्यांच्या डब्यांनी बरंच काम केलं होतं. शरदात अर्लनी नातीचा फोटो पाठवला, फाटकाच्या आतला. पुढच्या वर्षीच्या इमेजमध्ये मूळकुजीचे गोल तसेच होते, पण बाकी उतार हिरवे होते. ब्रायनने त्यावर एका शब्दाचा ईमेल केला: "गुड."

अजूनही लोक मला विचारतात, तुमच्या सिस्टीममध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय? सॅटेलाइट, अल्गोरिदम असं काही तरी ऐकायची त्यांची अपेक्षा असते. मी सांगते, सूचना पोचली नाही तर माणसाने काय करायचं, हे आधी ठरवून ठेवा. नकाशा त्यानंतर काढा.