गुंतलेले कण आणि वालूरचं स्थळ

आता माझीच फजिती मीच सांगायची म्हणजे काय म्हणावं! पण चहा तुम्ही पाजलाय, सांगतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी हैदराबादेहून सायन्स शिकून बोरीला परतलो होतो. डोक्यात नुसती हवा! तेवढ्यात वालूरच्या महालिंगअप्पांच्या गिरिजाचं स्थळ आलं. मुलगी बघितली आणि मला लयच आवडली. आता फक्त अप्पांनी 'हो' म्हणायचं राहिलं होतं.

अडचण एकच. अप्पांच्या ओसरीवर माझ्या शेजारी माझा जुळा भाऊ शिवा बसलेला. शेती बघणारा, बिनलग्नाचा. नाक तेच, मिशी तीच, फेटासुद्धा एकाच ताग्यातला!

अप्पा सुपारी कातरता कातरता म्हणाले, "तुमी दोघं तर एकसारखेच! आमच्या पोरीनं वळखावं कसं?"

साधा प्रश्न. कानामागचा तीळ दाखवून सुटलो असतो की नाही? पण छे! मला आठवले आमच्या प्रोफेसरांचे 'उलझे हुए जर्रे'. शिक्षण सगळं उर्दूतून, मराठी मी तिथल्या तिथं केलं.

"अप्पा, आमी दोघं म्हणजे गुंतलेले कण!"

अडकित्ता थांबला. "गुंतलेले? कुठं गुंतलाव? कोनाची पोरगी हाय?"

"पोरगी न्हाई हो! एकमेकांत गुंतलोय. हा निराळा, तो निराळा असं म्हणताच येत न्हाई. जे काय हाय ते जोडीचं!"

"जोडीचं?" अप्पांचा आवाज चढला. "आन् लगीन?"

इथं तरी गप्प बसावं ना? मी आणखी रंगात आलो.

"दोघांची अदलाबदल करा, काहीच फरक पडत न्हाई! आज न्हाई, वीस वर्सांनीबी न्हाई. काळ पुढं जातो तो जोडीला घेऊनच!"

"अदलाबदल?" अप्पा ताडकन उठले. "माज्या लेकीच्या संसारात अदलाबदल करायलाय व्हय रे?"

आत भांडं पडलं. शिवा माझं धोतर ओढतोय, पण मी ऐकतोय कुठं? मी समीकरण मांडायला कोळसा शोधत होतो!

एवढ्यात दाराआडून खुद्द गिरिजा बोलली. "अप्पा, मला वळखू यायलंय की."

माझी छाती फुगली. पोचलं विज्ञान वालूरला!

"कसं गं?" अप्पांनी विचारलं.

"घंटाभर बडबड करायलाय तो एक. गुमान बसलाय तो दुसरा." आणि वर म्हणते कशी, "मला दुसरा पसंत हाय."

झालं! शिवाच्या लग्नाच्या मांडवात मी अक्षता वाटल्या. गिरिजावहिनीची आम्हाला ओळखण्यात आजवर एकदाही चूक झालेली नाही. मी उंबऱ्यात पाऊल ठेवलं की ती ताट वाढते आणि म्हणते, "भावजी, पोटभर जेवा, पण बोलू नका!"