हेडफोनची डावी बाजू

आमच्या भजनी मंडळात माझा दोस्त गातो आणि मी मृदंग वाजवतो, हे शाळा सुटल्यापासून चालत आलेलं. तीसेक वर्षांत आमचं भांडण असं एकदाच झालं, आणि तेही कणकेवरून. सप्ताह आठ दिवसांवर आला होता. एकादशीचं भजन आटोपलं, टाळकरी चहाला उठले, तेव्हा त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "मृदंग बसायलाय तुझा. धुमा लई घुमतो. शब्दच कळंना गेलेत लोकायला."

मृदंगाची उजवी बाजू शाईची, तिचा आवाज टणक. डावी बाजू धुम्याची, तिचा आवाज जाड. वाजवायच्या आधी धुम्यावर भिजवलेली कणीक थापावी लागते. जास्त झाली की आवाज पार खाली जातो, कमी पडली की कोरडा निघतो. किती लावायची याचं माप कोणी शिकवत नाही. डावा कान धुम्याजवळ न्यायचा, थाप मारायची आणि कानाला पटलं की हात आवरायचा. माझी वडवणीत पिठाची गिरणी आहे. गहू घरचे, पीठ घरचं, आणि हा मला कणकेतलं शिकवणार! माझं डोकं फिरलं. आधी स्वतःच्या कानातला मळ काढ, असं मी त्याला चारचौघांत ऐकवलं.

त्यानं आवाज चढवला नाही. सप्त्यात असंच वाजणार असेल तर लिंबागणेशच्या वादकाला निरोप धाडतो, एवढंच बोलला आणि चप्पल घालून निघून गेला.

मला राग आला होता हे खरं, पण घरी येईपर्यंत रागाची जागा भीतीनं घेतली. गिरणीवर लोक दिवसभर माझ्यामागे घाई लावतात. दळण झालं का, माझं आधी घ्या, ज्वारीत गव्हाचं पीठ कसं आलं. सप्ताहात तीच माणसं गप्प बसून माझ्या हातांकडे बघतात. मृदंगामागची ती हातभर जागा गेली असती तर माझ्याकडे गिरणीच्या पट्ट्याचा खडखडाट सोडून काही राहिलं नसतं. म्हणून मी ठरवलं की त्याला खोटं पाडायचं, आणि तेही पुराव्यानिशी.

पुरावा घरातच होता. त्या एकादशीचं भजन बायकोनं मोबाइलवर घेतलं होतं. पण मोबाइलच्या स्पीकरमधून धुमा ऐकायचा म्हणजे चाळणीनं पाणी भरायचं. नुसता टाळांचा किलबिलाट. बाजारातून आणलेले स्वस्तातले इअरफोन लावले तर सगळ्याच गाण्यांना बेस चढलेला, हलगीची काडीसुद्धा गादीवर मारल्यासारखी. असल्या वस्तूवर न्याय कसा करणार? आहे तसं ऐकवणारा हेडफोन पाहिजे होता. फार महागाचा आपल्याला परवडत नाही आणि स्वस्त तो खोटं बोलतो, म्हणून दोन-तीन हजारांतला मधला घ्यायचा, असा हिशोब मी मांडला. दळण नसेल तेव्हा असल्या हेडफोनचे व्हिडिओ बघू लागलो. सगळे बेसबद्दल बोलत होते. मृदंगाबद्दल एकालाही काही सांगायचं नव्हतं.

बायको म्हणाली, हेडफोन नंतर घ्या, आधी बीडला कानाच्या डॉक्टरकडं चला. टीव्हीच्या आवाजावरून आमची रोजची कुरबुर असायची, त्यातलंच हे म्हणून मी सोडून दिलं. ती हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते, असं माझं मत होतं आणि ते मी तिला वरचेवर सांगत असे.

आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात त्या वारी गिरणीला कुलूप लावलं आणि दोघं बीडला गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, कव्वालीचा शौकीन. काउंटरमागं बारीक आवाजात कव्वाली लावून बसला होता, त्यामुळे माणूस बरा वाटला. मी त्याला माझ्या अटी सांगितल्या. एकच हेडफोन घेणार, पण तो चार जागी खरा उतरला पाहिजे. कव्वालीतल्या टाळ्या सुट्या ऐकू आल्या पाहिजेत, लावणीतली ढोलकी आणि घुंगरं एकमेकांत मिसळता कामा नयेत, हलगी कडक वाजली पाहिजे, आणि शेवटी अभंग, त्यात मृदंगाच्या दोन्ही बाजू आपापल्या जागी, धुमा डाव्या कानात आणि शाई उजव्या. तो हसला. असं गिऱ्हाईक वर्षात एखादं येतं म्हणाला, आणि स्टूल पुढं सरकवलं.

पहिला हेडफोन लावला आणि टाळ्या पिठात पडल्या. घुंगरं तर गायबच. खालचा दणदणाट मात्र एवढा की स्टूल हलतंय की काय असं वाटलं. हा डीजेवाल्या पोरांना द्या, असं म्हणून मी काढून ठेवला. सगळ्यात जास्त हाच खपतो, असं तो म्हणाला, आणि ते त्यानं जरा खेदानं सांगितलं.

दुसरा दिसायला साधा होता. पण हलगीची काडी कशी कडाडली! पेटीचा भाता हलताना होणारी धाप कळली, लावणीतल्या बाईनं ओळ उचलायच्या आधी घेतलेला श्वास कळला. मी बायकोकडे बघून मान हलवली. मग अभंग लावला. शाई स्वच्छ होती, पण धुमा शेजारच्या घरात कोणी वाजवावा तसा लांबून येत होता. हेडफोनची डावी बाजू मंद आहे, मी निकाल दिला. त्यानं तिसरा काढला, थोडा वरच्या किमतीचा, मऊ गादीचा. त्यात आवाज जास्त भरलेला होता, आणि डावी बाजू तशीच मंद.

मी त्याचाच दुसरा पीस मागितला. त्यानं माझ्यासमोर नवा खोका फोडला. तीच गत. आता माझा संयम सुटत चालला होता. सप्ताहाला पाच दिवस राहिले होते, लिंबागणेशला निरोप गेला असेल का याचा घोर लागला होता, आणि इथं मला एक सरळ हेडफोन मिळत नव्हता. सगळा खराब माल भरून ठेवलाय, असं मी मोठ्यानं बोललो. किती मोठ्यानं ते मला कळलं नाही, पण चार्जर घ्यायला आलेली दोन माणसं वळून बघू लागली. बायकोनं तोंड रस्त्याकडे केलं.

दुकानदारानं हेडफोन माझ्या डोक्यावरून काढून स्वतःच्या कानाला लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकला. मग काउंटरवर ठेवून हळूच म्हणाला, "दोन्ही बाजू बराबर हायत, भाऊ. जरा उलटा घालून बघा."

तो खोटा पडावा म्हणून मी ताडकन घातला. उजवी बाजू डाव्या कानाला, डावी उजव्याला. तोच अभंग लावला.

धुमा माझ्या उजव्या कानात असा घुमला की मी दचकलो. आणि शाई, जी आत्तापर्यंत लख्ख वाजत होती, ती गेली. बोटांचे एवढे टणक बोल कुठं तरी पलीकडे टिचक्या मारल्यासारखे येत होते. मी पुन्हा सरळ घातला, पुन्हा उलटा. तिसऱ्यांदा फिरवायला हात उचलले. बायकोनं माझ्या मांडीवर हात ठेवला, दुकानात, सगळ्यांसमोर.

गिरणीची चक्की माझ्या डाव्या हाताला आहे. वीस वर्षं मी तिच्याकडे डावा कान करून पीठ बोटांत चोळत उभा राहिलो. पण त्या क्षणी मला कानाचं वाईट वाटलं नाही. मला आठवली ती कणीक. डावा कान धुम्याजवळ न्यायचा, पटलं की थांबायचं. कानाला पटतच नव्हतं म्हणून मी लावत गेलो होतो, थोडी अजून, थोडी अजून. कधीपासून, कोणास ठाऊक.

मग मी आमचं एकादशीचं भजन लावलं. मोबाइलनं घेतलेलं, दोन्ही बाजूंना तोच आवाज, त्यामुळे उजव्या कानात सगळं आलं. मृदंग कसला, रिकाम्या कोठीवर कोणी बुक्क्या मारत होतं. प्रत्येक थापेखाली अभंगाचा एक शब्द बुडत होता. मधे मी हात पुसायला थांबलो होतो तेवढ्या जागेत माझ्या दोस्ताचा आवाज उघडा पडला. वरचा सूर लावताना तो फाटला. दोन ओळींनी पुन्हा फाटला. मी आजवर हे ऐकलं नव्हतं. मी हेडफोन काढला आणि दुकानदाराची माफी मागितली. माझ्या वडिलांचंबी असंच झालतं, असं म्हणत त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला.

घेतला मी दुसऱ्यांदा लावलेला, तो साधा दिसणारा. तो स्वतःच्या पदरचं काही घालत नव्हता. मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करायची सोय असते, ती दुकानदारानं लावून दिली, म्हणजे सगळं गाणं एका कानात मावेल. मावतं, पण माणसं एकमेकांना चिकटून उभी राहिल्यासारखी वाटतात. तिथून बायको मला थेट कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. शिरेला इजा झालीय, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं त्यांनी सांगितलं आणि गिरणीत घालायला कानातले बोळे लिहून दिले. बसमध्ये बायकोनं बोळ्यांची चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली. तिनं मला टोचून बोलावं असं मला फार वाटत होतं.

पुढचे दोन दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. खरं सांगू का, गप्प राहायचा विचार माझ्या मनात येऊन गेला. अंदाजानं कणीक निम्मी लावावी आणि सप्ताह निभावून न्यावा. पण अंदाज कशाचा करणार? सप्ताहाला दोन दिवस उरले तेव्हा सकाळी मृदंग गळ्यात अडकवला, वाटीत कणीक घेतली आणि दोस्ताच्या घरी गेलो.

तो म्हशीला वैरण टाकत होता. मला बघून त्यानं पेंढी सोडायचं काम चालूच ठेवलं. ओट्यावर मृदंग ठेवला, वाटी त्याच्यापुढं केली.

"कणीक तू लाव. मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई."

त्यानं पेंढी खाली ठेवली. कधीपासून, त्यानं विचारलं. मी दुकानातलं, डॉक्टरचं सगळं सांगितलं. आता हा त्या कानातल्या मळाच्या बोलण्याचं उट्टं काढणार, असं धरून मी खाली मान घालून बसलो. तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"मला वाटलं तू जाणून करायलास."

"जाणून कावून करीन मी?"

"माझा आवाज फाटायलाय." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "मला वाटलं, लोकायला कळू नये म्हणून तू धुमा वाढवून झाकून घेतोस. कीव करायलास माझी. म्हणून म्हणलं, दुसराच वादक आणावा."

मी एवढे दिवस माझ्या जागेला जपत होतो आणि हा त्याच्या. तीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, पण एकमेकांना विचारायचं धाडस दोघांनाही झालं नव्हतं. मला या गोष्टीची लाज वाटली.

"आता खरं सांग," तो म्हणाला. "फाटतो का?"

मला नीट ऐकू येत नाही, असं म्हणायची आयती सोय झाली होती. तो हूं म्हणाला असता, त्यालाही बरं वाटलं असतं. पण दुकानात मी ऐकलं होतं, चांगल्या कानानं.

"वरच्या सुराला फाटतो. एकादशीला दोन डाव फाटला."

त्यानं वाटीतली कणीक बोटानं दाबून बघितली. म्हशीनं पुढ्यातली वैरण ओढून खाल्ली.

"मंग अर्धी पट्टी खाली घेऊ," तो म्हणाला.

शाईचा सूर उतरवावा लागेल, मी म्हटलं. "उतरव की. ती बाजू तरी ऐकू येती का न्हाई?" असं म्हणून तो कितीतरी दिवसांनी हसला, आणि मला हातोडी आणून दिली.

मी चामडं ताणणारे लाकडी गट्टे सैल करून शाईचा सूर खाली आणला. त्यानं मी लावायचो त्याच्या निम्मी कणीक धुम्यावर थापली, ओल्या बोटानं सारखी केली, एक थाप मारून कान दिला. मला काही कळलं नाही. माझा हात सवयीनं वाटीकडे गेला. त्यानं तो धरला, उठून माझ्या उजव्या अंगाला येऊन बसला आणि सावकाश म्हणाला, "आता बराबर हाय. वाजव."